लिनक्सवरील व्हिडिओ संपादन : टिकाऊ साधनाची निवड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. आपल्या दुकानांतून आणि घरांतून असे कितीतरी संगणक आहेत की, जे उत्तम चालतात; परंतु विंडोज ११ च्या अटींत ते बसत नाहीत. चालता संगणक भंगारात काढणे व्यापारी मनाला पटत नाही. म्हणून अनेक घरांतील तरुण मंडळींनी अशा संगणकांवर लिनक्स बसविले आहे. पत्रलेखन, ईमेल, इंटरनेट, छपाई ही कामे तेथे विनासायास होतात. अडते ते प्रामुख्याने एका ठिकाणी, आणि ते म्हणजे व्हिडिओचे संपादन.

हे काम आता हौसेपुरते राहिलेले नाही. नवा माल आला की, त्याची एक-दीड मिनिटाची क्लिप त्याच दिवशी ग्राहकांच्या व्हॉट्सॲपवर जावी लागते. दुकानाच्या सुवर्णमहोत्सवात संस्थापक आजोबांनी सांगितलेली पहिल्या दिवसाच्या विक्रीची आठवण चार नातवंडांनी चार मोबाइलवर टिपलेली असते. ती पुन्हा चित्रित करता येईलच असे नाही. अशा चित्रणावर तीन-चार तास काम करावे आणि सॉफ्टवेअरने अकस्मात बंद पडावे, हे दोनदा घडले की, मनुष्य ते काम कायमचे सोडून देतो आणि चित्रण मोबाइलमध्येच पडून राहते. मोबाइल बदलला की, तेही जाते. म्हणूनच ‘लिनक्सवर बंद न पडणारे व्हिडिओ संपादनाचे सॉफ्टवेअर कोणते?’ हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

स्थिरतेचे दोन अर्थ

बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना दोन गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. पेढी या महिन्याची देणी भागवू शकते का, ही एक. आणि दहा वर्षांनंतर ती पेढी उभी असेल का, ही दुसरी. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही ‘स्थिर’ या शब्दाचे असेच दोन अर्थ आहेत. काम चालू असताना ते बंद पडू नये, हा पहिला. आज केलेले काम काही वर्षांनी पुन्हा उघडता यावे, हा दुसरा. बहुतेक चर्चा पहिल्याच अर्थापाशी थांबते.

दुसऱ्या अर्थाची उदाहरणे मोठ्या कंपन्यांच्या इतिहासातच सापडतात. विंडोज मूव्ही मेकर हे एके काळी घरोघरी वापरले जाणारे साधन होते. ते ज्या संचाचा भाग होते, त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ रोजी संपविला. ॲपलने जून २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स बाजारात आणले, तेव्हा आधीच्या आवृत्तीत केलेली कामे त्यात उघडत नव्हती. व्यावसायिक संपादकांमध्ये त्यावरून मोठी नाराजी पसरली. यात बेकायदेशीर काहीच नव्हते. वस्तू कंपनीची होती, निर्णयही कंपनीचाच होता.

याच्या उलट उदाहरण ब्लेंडर या सॉफ्टवेअरचे आहे. नेदरलँड्समधील टॉन रोझेंडाल यांनी ते घडविले. ते विकणारी कंपनी २००२ साली बंद पडली आणि हक्क गुंतवणूकदारांकडे राहिले. रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी बोलणी करून १,००,००० युरो ही किंमत ठरविली आणि वापरकर्त्यांना वर्गणीचे आवाहन केले. अवघ्या सात आठवड्यांत रक्कम जमा झाली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. ‘फ्लो’ या लॅटव्हियन दिग्दर्शकाच्या चित्रपटाला २०२५ मध्ये उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, तो चित्रपट ब्लेंडरमध्येच तयार झाला आहे. कंपनी बुडाली, साधन मात्र तरले. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे केवळ फुकट सॉफ्टवेअर नव्हे. त्याची मूळ आज्ञावली सर्वांसमोर उघडी असते, आणि एक कारागीर गेला तरी दुसरा ती पुढे चालवू शकतो. लिनक्सचेही तसेच आहे. १९९१ साली हेलसिंकीमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेले ते काम आज जगभरातील हजारो लोक चालवीत आहेत.

मग सॉफ्टवेअर बंद का पडते?

हे समजण्यासाठी व्हिडिओची फाईल आतून कशी असते, हे थोडक्यात पाहू. एका सेकंदात साधारण २५ किंवा ३० चित्रे असतात. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के चित्रात त्याच्या चौपट, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. प्रत्येक चित्र पूर्ण साठविले तर मोबाइल काही मिनिटांतच भरून जाईल. म्हणून एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींत काही थोडीच चित्रे पूर्ण साठवितात आणि मधल्या चित्रांचा केवळ फरक नोंदवितात.

आपल्या परिभाषेत सांगायचे, तर अशा फाईलमध्ये शिल्लक क्वचितच पुढे ओढलेली असते. मध्ये फक्त जमा-नावेच्या नोंदी असतात. १७ तारखेची शिल्लक हवी असेल, तर १ तारखेपासूनची बेरीज-वजाबाकी करावी लागते. फाईल सरळ पाहताना हे सोपे असते, कारण आपण क्रमाने पुढे जातो. संपादनात मात्र आपण सतत मागे-पुढे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला संगणकाला नवी आकडेमोड करावी लागते. त्यात तीन-चार क्लिप एकावर एक ठेवल्या, वर शीर्षक आणि पार्श्वसंगीत जोडले की, जुना संगणक थकतो.

दुसरी अडचण मोबाइलची आहे. अनेक मोबाइल प्रकाश कमी-अधिक झाला की, सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या आपणहून बदलतात. नोंदी समान अंतराने नसतात. त्यामुळे संपादनात ओठ आणि आवाज यांची जुळणी हळूहळू बिघडते, आणि काही वेळा सॉफ्टवेअरच गोंधळते.

तिसरे कारण लिनक्सच्या रचनेतच आहे. संपादनाचे सॉफ्टवेअर अनेक स्वतंत्र भागांच्या आधारावर उभे असते. फाईल उलगडण्याचे काम एफएफएमपेग करते, क्लिप जोडण्याचे काम एमएलटी नावाचा गाभा करतो, पडदा दुसराच कोणी रंगवितो. प्रत्येक लिनक्स वितरक हे भाग आपापल्या सोयीने निवडतो. एखादा भाग जुना, एखादा नवा, असे झाले की, दोष कोणाचा हे शोधणेच अवघड होते. एकच सॉफ्टवेअर एकाच्या संगणकावर वर्षभर सुरळीत चालते आणि दुसऱ्याच्या संगणकावर दहा मिनिटांत बंद पडते, त्यामागे बहुधा हेच असते.

उपलब्ध पर्याय

वाचकहो, प्रथम आपले काम कोणते ते ठरवावे. घरगुती कामांपैकी पुष्कळशी कामे संपादनाची नसतातच. ती केवळ कापण्याची असतात. दोन तासांच्या प्रवचनाचे किंवा सभेचे चित्रण असेल आणि सुरुवातीची पाच मिनिटे व शेवटची गडबड काढायची असेल, तर एव्हीडीमक्स किंवा लॉसलेसकट ही छोटी साधने पुरेशी आहेत. ती फाईल नव्याने न घडविता आहे तशीच कापतात. त्यामुळे काम झटपट होते आणि चित्राचा दर्जाही घटत नाही. कापण्याची जागा मात्र पूर्ण साठविलेल्या चित्रापाशीच घ्यावी लागते. क्षणभराचा फरक चालणार असेल, तरच हा मार्ग घ्यावा.

दुकानाच्या क्लिपा आणि कौटुंबिक समारंभ यांसाठी दोन नावे विचारात घ्यावीत : शॉटकट आणि केडेनलाइव्ह. दोन्ही मुक्त आहेत आणि दोन्ही एमएलटी या गाभ्यावरच उभी आहेत. शॉटकटचे प्रमुख विकासक डॅन डेनेडी हे एमएलटीच्या संस्थापकांपैकी आहेत. गाभा आणि त्यावरील इमारत यांच्यामागे एकच जाणता हात असणे, हा मोठा लाभ आहे. शॉटकटची मांडणी साधी आहे. नवख्या व्यक्तीने येथूनच आरंभ करावा, असे माझे मत आहे.

केडेनलाइव्हचा आरंभ २००२ साली जेसन वुड यांनी केला. आता ते केडीई या संघटित प्रकल्पाचा भाग आहे. शीर्षके, आवाजाची दुरुस्ती, अनेक थर यांच्या सोयी त्यात अधिक आहेत. २०१९ च्या १९.०४ या आवृत्तीत त्याच्या गाभ्याजवळच्या भागाचे मोठे पुनर्लेखन झाले. घराची पायाभरणी नव्याने केली की, काही काळ त्रास होतोच. तसा तो झाला आणि पुढील आवृत्त्यांतून टप्प्याटप्प्याने निस्तरला गेला. जुन्या काळचे बरेवाईट शेरे वाचून आजच्या आवृत्तीचे मूल्यमापन करू नये.

ओपनशॉट हे जोनाथन थॉमस यांनी २००८ साली सुरू केलेले साधन शिकण्यास अतिशय सुलभ आहे. लहान कामाला ते चालते. लांब आणि अनेक थरांच्या कामात ते अडखळते, ही तक्रार मात्र अनेक वर्षे ऐकू येत आली आहे. ब्लेंडरमध्येही संपादनाची सोय आहे, परंतु ते मूलतः त्रिमितीय चित्रनिर्मितीचे साधन असल्याने केवळ संपादनासाठी ते शिकणे अनेकांना जड जाते.

कंपन्यांची साधने दोन आहेत. लाइटवर्क्स हे जुने आणि नामांकित. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘ह्यूगो’ सारख्या चित्रपटांच्या संपादिका थेल्मा स्कूनमेकर ते वापरतात. त्याच्या मोफत आवृत्तीत अंतिम चित्र ७२० रेषांपुरतेच मर्यादित राहते. दाविंची रिझॉल्व्ह हे ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीचे साधन असून चित्रपटांच्या रंगसंस्करणात त्याचा दबदबा आहे. मात्र लिनक्सवरील त्याच्या मोफत आवृत्तीत एच.२६४ आणि एच.२६५ या फाईल थेट उलगडण्याची सोय मिळत आलेली नाही, आणि मोबाइलच्या एएसी ध्वनीबाबतही अडचण आढळत आली आहे. म्हणजे नेमके आपले मोबाइलचे चित्रणच आधी दुसऱ्या स्वरूपात बदलून घ्यावे लागते. शिवाय त्याला समर्थ ग्राफिक्स कार्ड लागते. ज्याचा व्यवसायच चित्रणाचा आहे, त्याने त्याची एकरकमी किमतीची सशुल्क आवृत्ती आणि योग्य संगणक घेणे हिशोबात बसते. जुना संगणक वाचविण्यासाठी लिनक्सकडे आलेल्या दुकानदाराने त्या वाटेला जाऊ नये.

निवडीनंतरची शिस्त

योग्य नाव निवडल्याने निम्मेच काम होते. उरलेली स्थिरता आपल्या वहिवाटीतून येते. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

पहिले पथ्य बसविण्याच्या पद्धतीचे. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर ॲपइमेज या स्वरूपात मिळतात. ॲपइमेज म्हणजे एकच फाईल. तिच्यात सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे जुळते भाग बहुतांशी एकत्र बांधलेले असतात. फ्लॅटपॅकचेही तत्त्व असेच आहे. भागांच्या न जुळण्यातून होणारा त्रास यामुळे पुष्कळ कमी होतो.

दुसरे पथ्य आवृत्तीचे. केडेनलाइव्हची नवी आवृत्ती वर्षातून तीनदा येते आणि तिच्या क्रमांकात वर्ष व महिना असतो. २४.१२ म्हणजे २०२४ चा डिसेंबर. त्यानंतर केवळ दोष दूर करणाऱ्या .१, .२, .३ अशा उपआवृत्त्या येतात. नव्या मालाचा पहिला लॉट सगळाच उचलू नये, हे आपण जाणतोच, येथेही.२ किंवा .३ ची वाट पाहावी. आणि चालू काम पूर्ण होईपर्यंत आवृत्ती कधीही बदलू नये, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेले काम जुन्या आवृत्तीत उघडेलच याची हमी नसते. ॲपइमेज असल्यास जुनी फाईल तशीच शेजारी ठेवता येते.

तिसरे पथ्य कच्च्या मालाचे. मोबाइलची क्लिप आत घेताना शॉटकट किंवा केडेनलाइव्ह अनेकदा विचारते की, ही फाईल संपादनास सोयीच्या स्वरूपात बदलू का? पुष्कळजण घाईने नकार देतात. होकार द्यावा. हँडब्रेक या मोफत साधनानेही चित्रांची गती आधीच समान करून घेता येते. बदललेली फाईल आकाराने मोठी होते, पण प्रत्येक तारखेला शिल्लक लिहिलेल्या वहीप्रमाणे ती संगणकाला वाचण्यास सोपी असते.

चौथे पथ्य ‘प्रॉक्सी’चे. संपादन करताना मूळ चित्रणाऐवजी त्याची लहान प्रतिकृती वापरायची आणि शेवटची फाईल मात्र मूळ चित्रणातूनच घडवायची, अशी ही सोय आहे. ९६० गुणिले ५४० च्या प्रतिकृतीत ५,१८,४०० ठिपके असतात. फोर-केच्या सोळावा हिस्सा. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती मिळते. जुन्या संगणकाला हिच्याइतका दुसरा आधार नाही. मेमरी मात्र एचडीसाठी ८ जीबी आणि फोर-केसाठी १६ जीबी असावी. ग्राफिक्स कार्डाकडून इफेक्ट करून घेण्याचा पर्याय दिसला, तर आरंभी तो बंदच ठेवावा.

पाचवे पथ्य वहीचे. संपादनाच्या प्रोजेक्ट फाईलमध्ये चित्रण नसते. कोणती क्लिप कोठे आहे, तिचा कोणता भाग घ्यायचा, एवढ्याच नोंदी असतात. प्रोजेक्ट फाईल म्हणजे वही आणि चित्रण म्हणजे गोदामातील माल. माल दुसऱ्या गोदामात हलविला आणि वहीत नोंद केली नाही, तर वही निरुपयोगी होते. म्हणून प्रत्येक कामाचे एक स्वतंत्र फोल्डर करावे. चित्रे, संगीत, क्लिपा आधी त्यात आणाव्यात आणि मगच संपादनास बसावे. केडेनलाइव्हमध्ये संपूर्ण काम मालासह एकत्र बांधून ठेवण्याची सोय आहे. काम संपल्यावर ती वापरावी. दर अर्ध्या तासाने नव्या क्रमांकाने काम जतन करावे आणि दिवसअखेर फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. दोन्ही सॉफ्टवेअर आपोआप जतन करतात खरे, पण तिजोरीला कुलूप असते म्हणून आपण रोजचा गल्ला मोजणे सोडत नाही.

सहावे पथ्य मराठीचे. शीर्षके नेहमी युनिकोडमध्येच टंकावीत. छपाईच्या जुन्या पद्धतीच्या फाँटमधील मजकूर येथे आणला की, अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फाँट विनामूल्य आहेत. सुरुवातीलाच ‘श्री’, ‘ज्ञ’, ‘र्‍या’ अशी अक्षरे टंकून जोडाक्षरे नीट उमटतात का, हे पडताळावे.

मोल कोठे चुकवायचे?

महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत पन्नास-शंभर रुपयांत बसवून देणारे अजूनही भेटतात. कायद्याचा भाग बाजूला ठेवला, तरी अशा प्रतीला दुरुस्ती मिळत नाही, ती कोणत्या विषाणूसह आली हे कळत नाही, आणि त्याच संगणकावर दुकानाची बिले व बँकेचे व्यवहारही असतात. योग्य आणि मोफत पर्याय हाताशी असताना हा धोका पत्करणे व्यवहाराला धरून नाही.

मात्र मोफत म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. कोणीतरी आपल्या फुरसतीचे तास त्यात घातलेले असतात. केडीईने २०२२ साली केडेनलाइव्हसाठी वापरकर्त्यांकडे निधीचे आवाहन केले होते, ते याच कारणाने. ज्या साधनावर दुकानाची जाहिरात चालते, त्याला वर्षाकाठी एक ठरावीक रक्कम देणे ही जाहिरात खर्चाच्या खात्यात सहज बसणारी बाब आहे. ज्या दुरुस्त्यांची आपण वाट पाहतो, त्या अशाच पैशांतून होतात.

ज्यांना आरंभ करायचा आहे, त्यांनी येत्या रविवारी शॉटकटची ॲपइमेज उतरवून घ्यावी आणि आपल्याच मोबाइलवरील पाच मिनिटांच्या चित्रणावर वर सांगितलेल्या रीतीने काम करून पाहावे. कमी पडले, तर त्याच चित्रणावर केडेनलाइव्हची परीक्षा घ्यावी. तीन-चार बैठका सुरळीत पार पडल्या की, मगच सुवर्णमहोत्सवाचे फोल्डर उघडावे. तोवर त्या चारही मोबाइलमधील मूळ चित्रणाची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. संपादन महिन्याभराने झाले तरी चालेल. प्रत मात्र आजच घ्यावी.